चुनकळीतील उष्णता
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रसायनशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. पण जे शास्त्र आपल्या अंगणात येऊन चटका देते, त्याविषयी गृहिणीने बोलू नये, असे थोडेच आहे?

माझे माहेर नांदेडचे, सासर लातूरचे. दोन्ही घरी दिवाळीच्या तोंडावर चुनकळी भिजवून भिंती पांढऱ्या करीत. तीन वर्षांपूर्वी कळ्यांनी अर्ध्या भरलेल्या डब्यात मी वरून तांब्याभर पाणी ओतले. जाऊबाईंचा लहानगा वाकून पाहत होता. क्षणात चुना फसफसून उडाला तो त्याच्या डोळ्यात. घाबरून मी डोळ्यात तूप घातले. डॉक्टरांनी डोळा वाचविला. पण नजर थोडी अधू राहिली ती राहिलीच.

खाली जाळ नसता पाणी उकळले कसे? मुलीने मला ते समजावून सांगितले. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजतात. तिच्यातील कर्बवायू निघून जातो व चुनकळी उरते. या बदलासाठी भट्टीची उष्णता खर्ची पडते. पुढे कळीचा पाण्याशी संयोग झाला की, त्या उष्णतेचा काही भाग एकदम बाहेर पडतो. एक किलो कळीतून निघालेली उष्णता वाया न गेली, तर तीत सुमारे साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल! भिंतीवरचा चुना हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा उरलेली उष्णताही सुटते. पण इतकी सावकाश की हाताला कळत नाही.

याच्या उलटही घडते. फवारणीसाठी युरिया पाण्यात विरघळविताना बादली गार लागते, कारण तेथे पाण्यातील उष्णता शोषली जाते.

तेव्हा भगिनींनो, आधी लोखंडी डब्यात भरपूर पाणी घ्या, मग एकेक कळी सोडा. तोंड दूर ठेवा, झाकण लावू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. कोरडा चुना अंगावर सांडला तर आधी झटकून मग धुवा. डोळ्यात गेलाच तर तूप, तेल, दूध काही घालू नका. निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तडक दवाखाना गाठा.

माझ्या अज्ञानाची किंमत एका लेकराने मोजली. ती दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये, एवढ्यासाठीच मी आज उभी राहिले.