चार इंजिनं, एकच चूक

आज एअरबसच्या ए४००एम या लष्करी मालवाहू विमानाबद्दल बोलूया. वाटतं तेवढं हे आपल्यापासून लांब नाही, कारण या गोष्टीत सॉफ्टवेअरचा वाटा मोठा आहे.

मे २००३. सात नाटो देश मिळून १८० विमानांची ऑर्डर देतात. रक्कम आधीच ठरलेली, साधारण २० अब्ज युरो. पण विमान नवीन आणि त्याचं टीपी४०० इंजिनही अगदी नवीन, तेही चार युरोपियन कंपन्यांनी मिळून बनवायचं. म्हणजे बजेट फिक्स आणि काम किती, हे कुणालाच नीट माहीत नाही. ओळखीचं वाटतंय ना?

पुढे इंजिन कंट्रोलचं सॉफ्टवेअर रखडलं. नागरी विमानांच्या नियमांप्रमाणे त्याचं प्रमाणपत्र हवं होतं. नुसता कोड चालून भागत नाही, तो कसा तपासला याची कागदपत्रंही लागतात. २००८ मध्ये व्हायचं पहिलं उड्डाण शेवटी ११ डिसेंबर २००९ ला, स्पेनमधल्या सेव्हिलला झालं. २०१० मध्ये त्या देशांनी आणखी साडेतीन अब्ज युरोंची तयारी दाखवली आणि विमानं १७० वर आली.

मग ९ मे २०१५. तुर्कस्तानसाठी बनवलेलं नवंकोरं विमान सेव्हिलहून पहिल्यांदाच उडालं. चारपैकी तीन इंजिनांच्या कंट्रोल युनिटमधला टॉर्क कॅलिब्रेशनचा डेटा पुसला गेला होता. तो नसेल तर सेन्सरच्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. तिन्ही इंजिनं जास्त पॉवरवर अडकली. पायलटनी थ्रॉटल मागे घेतल्यावर ती आयडलवर गेली आणि तिथेच राहिली. विमान कोसळलं. सहापैकी चार जण गेले.

रॉयटर्सच्या बातमीनुसार डेटा नसल्याची पहिली वॉर्निंग ४०० फुटांवर गेल्यावरच मिळणार होती. जमिनीवर असताना नाही.

चार इंजिनं कशासाठी असतात? एक गेलं तर बाकीची सांभाळून घेतील म्हणून. पण तिन्हीकडे चूक तीच असेल, तर बॅकअप हा शब्द फक्त कागदावर उरतो. आपणही तीन सर्व्हर लावतो आणि तिघांना एकच कॉन्फिग फाइल देतो. कोड दहा वेळा तपासतो, पण ती फाइल रिकामी आहे का, हे कोण बघतं? आणि रिकामी असेल तर सिस्टीमने सुरूच व्हायला नको, एवढं तरी आपण लिहून ठेवतो का?

तुमच्याकडे असं काही आहे का, कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!