मुलांच्या हाती पैसा
(पालक सभेतील भाषण)



आपल्या कोकणातील पुष्कळ घरे आखाती देशांतून येणाऱ्या कमाईवर चालतात. बाप तिकडे उन्हातान्हात राबतो. इकडे मुलाला पैसा दिसतो, घाम दिसत नाही. ही कमाई कायमची नसते. बाप परतला की ओघ आटतो, मुलाची सवय मात्र राहते. म्हणून दरमहा किराणा, फी, वीज, औषधपाणी यांचा हिशेब मुलासमोर मांडा. त्याचे अब्बा किती तास काम करतात, हेही सांगा.

ईदीचे पैसे आपण ‘ठेवून देतो’ आणि ते पुन्हा त्याला दिसत नाहीत. मग मूल बचतीवर विश्वास कसा ठेवील? १० वर्षे पूर्ण झालेले मूल पोस्टात स्वतःच्या नावे बचत खाते उघडून स्वतः चालवू शकते. सुरुवातीस ५०० रुपये लागतात. पासबुक त्याच्याच हाती द्या. त्याहून लहान मुलाला साधा डबा पुरे. त्याने काही पैसे वाया घालवले तर रागावू नका, पण ते भरूनही देऊ नका. हा धडा लहानपणी स्वस्तात मिळतो.