मैनेला कुणी विचारलं?

आम्ही बिद्रीच्या बचत गटातल्या बायका.

महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की उठायच्या आधी आम्ही एक गाणं लावतो. गेल्या वेळी अण्णाभाऊ साठे यांचं ‘माझी मैना गावाकडं राहिली’ लावलं. हे गाणं कुणी ऐकलं नाही? नवरा पोटासाठी मुंबईला गेला, बायको गावी राहिली, आणि तो तिच्यासाठी झुरतोय. एवढंच आम्ही आजवर समजत होतो. या वेळी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं.

अण्णाभाऊंचा जन्म १९२० सालचा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. लहानपणी ते वडिलांबरोबर चालत मुंबईला गेले, गिरणीत राबले. म्हणून गाण्यातली मुंबई डोळ्यांनी पाहिलेली वाटते: एकीकडे श्रीमंती, एकीकडे उपाशी कामगार. ही छक्कड त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लिहिली. शेवटाकडे ते म्हणतात, माझी आणि मैनेची जशी ताटातूट झाली, तशीच या महाराष्ट्राची झाली. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा बेळगाव, कारवार, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तरी निपाणी पलीकडेच राहिली. म्हणजे मैना ही एक बाई, आणि तुटलेला मुलूखसुद्धा!

आमच्या गटात निपाणीकडच्या माहेरवाशिणी आहेत. मुदाळ तिट्ट्यावर एसटी धरली की माहेर जवळ, पण राज्य दुसरं. त्यातली एक म्हणाली, “अगं बया, म्हणजे हे माझ्या माहेराचं गाणं की!”

आम्ही हसलो. कोपऱ्यात बसलेल्या आज्जी मात्र हसल्या नाहीत. त्यांचे मालक मुंबईत गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले. आज्जी म्हणाल्या, “त्यांना तिकडं माझी आठवण येत असंल, न्हाई म्हणत न्हाई. पर मी हितं काय सोसलं, ते गाण्यात कुठं हाय? मनिऑर्डर यायची ती मामंजींच्या नावानं. माझ्या नावावर पैला पैसा आला, तो ह्या गटाचा.”

बैठक गप्प झाली.

भगिनींनो, यात अण्णाभाऊंचा दोष नाही. त्यांनी कामगाराचं दुःख कामगाराच्या तोंडून मांडलं, आणि खरं मांडलं. पण त्या दिवसापासून आम्ही कुठलंही गाणं ऐकलं की तीन गोष्टी विचारतो. बोलतंय कोण? ते कुणासाठी बोलतंय? आणि गप्प कोण आहे? लग्नातल्या गाण्याला विचारून बघा, सिनेमातल्या गाण्याला विचारून बघा. रोजचंच गाणं नव्यानं कळतं.

आज्जींना आम्ही म्हटलं, तुमचं गाणं तुम्हीच म्हणा. “मला कुठलं गाणं येतंय?” म्हणत त्या उठल्या, आणि दारात चपला घालता घालता जात्यावरच्या चार ओव्या म्हणून गेल्या. त्यात मुंबईला गेलेला धनी होता, आणि घरी राहिलेली मैनाही होती. आम्ही त्या ओव्या गटाच्या वहीत, हिशेबाच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या आहेत.

तुमच्या गटातही अशी एखादी आज्जी असेल. पुढच्या बैठकीत तिला जरूर विचारा.