मामाचं डिझेल
आजचा एपिसोड कोडिंगचा नाही, इंजिनांचा आहे. कारण माझा मामा. तो डिझेल शेडमध्ये फिटर आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "अरे, बावन्नाव्या वर्षी मला इलेक्ट्रिकच्या ट्रेनिंगला पाठवतायत." हसत बोलला, पण आवाज उतरलेला होता.

त्याचं अर्धं आयुष्य ज्या इंजिनांत गेलं, ती बनारसची. डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स, रेल्वेचा स्वतःचा कारखाना, 1961 सालचा. तंत्रज्ञान अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं. पहिलं इंजिन 1964 च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बाहेर पडलं. डब्ल्यूडीएम-2: 16 सिलिंडर, 2600 हॉर्सपॉवर. गंमत म्हणजे 1969 मध्ये अल्कोनेच रेल्वे इंजिनं बनवणं थांबवलं, आणि बनारसमध्ये ती जात पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. मूळ कंपनी गायब, मेंटेनन्स आपल्या गळ्यात! आमच्या फील्डमधल्यांना हे दुखणं लगेच कळेल.

बीटेक होऊनही मला एक गोष्ट माहीत नव्हती, ती मामाने सांगितली. त्यातलं डिझेल इंजिन चाकं फिरवतच नाही. ते वीज तयार करतं, ती वीज खालच्या मोटरींना जाते, आणि मोटरी चाकं फिरवतात. आणि चिपळूणला गाडी सुटताना तो काळा धूर यायचा ना? ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं. झाला धूर!

2018 मध्ये याच कारखान्याने दोन डिझेल इंजिनं बदलून 10,000 हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक जोडी बनवली. 2020 मध्ये नाव झालं बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. 'डिझेल' शब्दच गेला. 2022 मध्ये अख्खी कोकण रेल्वे विजेवर आली.

मी म्हटलं, "मामा, मोटरी तर तुला येतातच. आता वीज वरच्या तारेतून येणार, एवढंच."

"मोटरी येतात रे. पण कुठला सिलिंडर बिघडलाय ते मी नुसतं ऐकून सांगायचो. ते आता कोणाला सांगू?"

मला काही सुचलं नाही. माझ्या टीमची जुनी सिस्टिमही डिसेंबरात बंद होतेय, आणि तिच्यातली अर्धी खोड फक्त मलाच माहीत आहे.

ट्रेनिंग सोमवारी सुरू झालं. रात्री त्याने पेंटोग्राफचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "हा पण आवाज करतो बरं का."

तुमच्या घरी कोणी शेडमध्ये असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा.