एक नाव, अनेक रोग

पुण्याहून पौडच्या रस्त्याने चांदणी चौक मागे टाकला की थोड्याच वेळात मुळशी तालुक्यातील भूगाव लागते. समजा, त्या गावातील दोन शेजारणींना एकाच वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. एकीस शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे रोज एक गोळी घेण्यास सांगण्यात आले. दुसरीस मात्र महिनोन्‌महिने शिरेतून कडक औषधे सोसावी लागली. रोग एक, मग उपचारांत हा भेद का, अशी कुजबुज गावात होणारच. कोणी डॉक्टरांस दोष देईल, कोणी दैवास.

वस्तुतः नाव एक असले तरी रोग एक नव्हे. आपल्या पेशीत आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा जनुकसंचाच्या दोन प्रती असतात. प्रत्येक प्रत सुमारे ३०० कोटी अक्षरांची. पेशी दुभंगताना या साऱ्याची नक्कल होते, चुका होतात, आणि त्या सुधारणारे कारागीरही पेशीतच असतात. हे कारागीरच निकामी झाले म्हणजे मजकुराची जी अनवस्था होते, तिलाच शास्त्रज्ञ जनुकसंचाची अस्थिरता म्हणतात.

ही अनवस्था सर्वत्र सारखी नसते. स्त्रीसंप्रेरकावर पोसणाऱ्या संथ प्रकारात मजकूर पुष्कळसा शाबूत राहतो. ‘हर-टू’ प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरील एकाच जनुकाच्या प्रती बेसुमार वाढतात. तिसऱ्यात संप्रेरकांच्या दोन खुणा व हर-टू यांपैकी एकही आढळत नाही. तेथे जणू पोथीची पाने फाटून भलत्याच क्रमाने शिवलेली असतात. पेशीचा पहारेकरी मानले जाणारे ‘पी-५३’ जनुक संथ प्रकारात शंभरांतील सुमारे १२ गाठींत बिघडलेले, तर या तिसऱ्याशी बहुतांशी जुळणाऱ्या प्रकारात ८० गाठींत बिघडलेले, असे अमेरिकेतील २०१२ च्या मोठ्या पाहणीत आढळले.

दुरुस्तीच्या कामातील ‘बीआरसीए’ जनुकांपैकी पहिले १९९४ साली व दुसरे १९९५ साली हाती आले. गुणसूत्राचे दोन्ही धागे तुटले असता शाबूत प्रत पाहून ते सांधण्यास ही जनुके लागतात. ती बिघडली की पेशी कसेबसे ठिगळ लावते. मौज अशी की, हे दुबळेपणच वैद्याच्या उपयोगी पडते. दुरुस्तीची दुसरी वाट औषधाने अडविल्यास अशी पेशी मरते, हे २००५ साली प्रयोगशाळेत दिसले. ओलापॅरिब हे औषध त्याच तत्त्वावर चालते.

आनुवंशिकतेचा हा धागा पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी फार पूर्वीच हाती धरला होता. डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबईस उंदरांतील स्तनार्बुदाचा अभ्यास केला आणि १९४९ साली डॉक्टरेट मिळविली.

स्तनाचा कर्करोग बहुतेकींना वारशाने येत नाही. शंभरांत पाच-दहा जणींनाच येतो. परंतु घराण्याची चौकशी होते तेव्हा माणसे आईकडचीच नावे सांगतात, आणि आत्या विसरली जाते. आपल्या कल्पनेतील दुसऱ्या शेजारणीस एक भाऊ आहे असे धरू. तो धडधाकट आहे. तरीही बहिणीतील दोष जन्मजात असेल, तर तो त्याच्याकडेही असू शकतो, आणि असल्यास त्याच्या प्रत्येक मुलीस तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. रक्ताच्या तपासणीने हे कळते; आधी बहिणीचे रक्त तपासावयाचे, मग भावाचे.