३७ धावांची आघाडी, ६९ विकेट आणि आपला विदर्भ

आज कोड नाही, एआय नाही, नोकरी कशी बदलायची तेही नाही. आज फक्त विदर्भ. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोललो तसाच ठेवलाय, फार सारवासारव केलेली नाही.

२ मार्च २०२५, रविवार. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर चर्चा कशाची? आयपीएलची. २२ मार्चला कोण कोणाशी खेळणार, कोणाची जर्सी छान आहे वगैरे. रणजीवर एक जण बोलला, तो पण असं की, "अरे, विदर्भ म्हणजे महाराष्ट्रच ना? मग वेगळी टीम कशाला?"

तर ह्या भावासाठी आधी थोडा इतिहास. रणजीत आपल्या राज्याच्या तीन टीम आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबईकडे ४२ करंडक आहेत. महाराष्ट्राने शेवटचा जिंकला १९४०-४१ मध्ये. आणि विदर्भ १९५७-५८ पासून खेळतोय, पण पहिला करंडक आला तो थेट २०१७-१८ च्या मोसमात. साठ वर्षं. म्हणजे माझ्या आजोबांच्या पिढीने टीम सुरू होताना पाहिली, वडिलांच्या पिढीने नुसती हरताना पाहिली, आणि जिंकताना पाहायचं नशीब आमच्या वाट्याला आलं.

ती पहिली फायनल इंदूरला झाली होती, दिल्लीविरुद्ध. रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे हो! मी तेव्हा इंजिनिअरिंगलाच होतो आणि होस्टेलवर आम्ही सगळ्यांना सांगत फिरत होतो की बघा, डिग्री घेऊन माणूस काहीही करू शकतो. फैज फजल कॅप्टन, चंद्रकांत पंडित कोच, वसीम जाफर टीममध्ये. पुढच्या वर्षी, २०१८-१९ ला, नागपुरात सौराष्ट्राला हरवून परत जिंकलो. त्या फायनलचा हिरो आदित्य सरवटे. ११ विकेट, आणि पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच काढलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता २०२३-२४ ची जखम. मार्च २०२४, वानखेडे, फायनल मुंबईशी. पहिल्या डावात आपण १०५ वर ऑलआऊट. नंतर टार्गेट किती? ५३८. कोणीही म्हणेल, सामान बांधा, घरी चला. पण आपल्या पोट्ट्यांनी ३६८ पर्यंत ताणलं. अक्षय वाडकरने शतक मारलं, हर्ष दुबेने ६५ काढल्या. हरलो १६९ धावांनी. पण मला विचाराल तर २०२४-२५ चा मोसम त्या चौथ्या डावातच सुरू झाला. त्या डावात टीमला कळलं की आपण फार मागे नाही.

मग २०२४-२५. लीगमध्ये सात सामने, सहा जिंकले, एक अनिर्णित, ४० गुण, गटात पहिले. क्वार्टर फायनलला तमिळनाडूला १९८ धावांनी हरवलं, करुण नायरचं शतक, यश राठोडचं शतक. ही मॅच मी पटकन सोडतोय, कारण मला सेमी फायनलवर यायचंय.

सेमी फायनल परत मुंबईशी. ह्या वेळी जामठ्याला. समोर रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर. टीव्हीवर दिसणारी सगळी मंडळी. आपण ३८३ केल्या. मग पार्थ रेखडे नावाच्या डावखुऱ्या स्पिनरने एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे, तिघांना काढलं. एका ओव्हरमध्ये! मी तेव्हा स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद, मोबाइलवर स्कोअर चालू. मॅनेजर विचारतोय, "एनी ब्लॉकर्स?" आणि मी म्यूट काढून काय बोलणार होतो हे देवालाच माहीत.

मुंबई २७० वर संपली. पण आपला दुसरा डाव ५६ ला ४ असा झाला आणि पोटात गोळा आला. मुंबईचा हा इतिहासच आहे, तुम्ही जरा सैल सोडलं की ते परत येतात. तिथे यश राठोड उभा राहिला. १५१. सोबत कॅप्टन वाडकरची फिफ्टी, दोघांची १५८ ची भागीदारी. मुंबईला टार्गेट ४०६. शार्दूलने शेवटी बॅट फिरवली, ६६ केल्या, जरा धाकधूक झाली. पण हर्ष दुबेने पाच काढल्या आणि ८० धावांनी जिंकलो. माझ्यासाठी खरी फायनल हीच होती, बाकी मंडळींनी रागावू नये.

राठोडबद्दल एक वाक्य जास्त बोलायलाच पाहिजे. ह्या मोसमात देशात सगळ्यांत जास्त रणजी धावा कोणाच्या? यश राठोडच्या. ९६०. रील्समध्ये तुम्हाला किती वेळा दिसला?

आता फायनल. केरळ पहिल्यांदाच फायनलला आलेलं, आणि कसं आलेलं बघा. क्वार्टर फायनलला जम्मू-काश्मीरवर एका धावेची आघाडी. सेमी फायनलला गुजरातवर दोन धावांची. गुजरातच्या शेवटच्या बॅट्समनने फटका मारला, बॉल शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि सचिन बेबीने झेलला. बॉलर कोण? आदित्य सरवटे!

हो, तोच आपला सरवटे. नागपूरचा पोट्टा ह्या मोसमात केरळकडून खेळत होता, 'प्रोफेशनल' म्हणून. रणजीत दुसऱ्या राज्याचे खेळाडू असे घेता येतात. म्हणजे जामठ्यावर ज्या माणसाने आपल्याला करंडक जिंकून दिला, तोच सहा वर्षांनी त्याच जामठ्यावर आपल्याविरुद्ध. आणि आला तो नुसता आला नाही, पहिल्या डावात ७९ केल्या. माझे वडील, जे क्रिकेटवर फारसं बोलत नाहीत, ते म्हणाले, "आपलाच पोरगा आपल्याला रडवते बाप्पा."

इकडे आपल्याकडे होता करुण नायर, कर्नाटकचा. ध्रुव शोरे, दिल्लीचा. म्हणून लोक म्हणतात की हा भाड्याचा विजय आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. मी ज्या टीममध्ये काम करतो तिथे अर्धे लोक दुसऱ्या कंपनीतून आलेत. पण प्रॉडक्ट रात्री दोन वाजता पडलं की उठून बसणारा माणूस कुठून आला हे कोणी विचारत नाही. आणि करुणचं बघा ना. टेस्टमध्ये त्रिशतक मारलेला माणूस, कर्नाटकाच्या टीममधूनही बाहेर गेला. क्रिकेटकडे त्याने जाहीरपणे अजून एक संधी मागितली होती, ती पोस्ट तुम्ही पाहिलीच असेल. संधी कोणी दिली? विदर्भाने. ह्या मोसमात रणजीत ८६३ धावा. त्याआधी विजय हजारे करंडकात आठ डावांत ७७९! तिथे आपण फायनलला कर्नाटकाकडूनच ३६ धावांनी हरलो, ते दुखणं वेगळं.

फायनलच्या पहिल्या सकाळी आपण २४ ला ३. क्रीजवर करुण आणि दानिश मालेवार. दानिश २१ वर्षांचा, पहिलाच रणजी मोसम. दोघांनी २१५ ची भागीदारी केली. करुण ८६ वर रनआऊट झाला, धाव घेण्यात गोंधळ झाला. असं झालं की नवीन पोरगा हबकतो. दानिश हबकला नाही, १५३ करून गेला. आपले ३७९.

केरळचा कॅप्टन सचिन बेबी एका बाजूने उभाच. आघाडी त्यांना दिसायला लागली होती. ९८ वर असताना त्याने रेखडेला उंच मारायला गेला आणि करुणच्या हातात झेल. दोन धावांनी शतक गेलं आणि तिथेच करंडक फिरला असं मला वाटतं. केरळ ३४२. आघाडी ३७.

क्रिकेट न पाहणाऱ्यांसाठी सांगतो: रणजीची नॉकआऊट मॅच अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात जास्त धावा करणारा जिंकतो. म्हणजे त्या ३७ धावा हातात आल्यावर आपल्याला फक्त हरायचं नव्हतं. दुसऱ्या डावात ७ ला २ झाल्यावर परत करुण आणि दानिश. करुणचा ३१ वर स्लिपमध्ये झेल सुटला आणि त्याने १३५ केल्या. शेवटी त्याला कोणी काढलं? सरवटेने, स्टम्पिंग. दानिशच्या ७३. वर्ध्याचा दर्शन नळकांडे ५१ वर नाबाद. ३७५ ला ९, एकूण आघाडी ४१२, आणि हात मिळवले.

सोशल मीडियावर ओरड झाली की डाव घोषित का केला नाही, बोअर केलं. अरे, साठ वर्षं वाट पाहिलेली टीम आहे ही! आदल्या वर्षी वानखेडेवर आपण स्वतः ५३८ चा पाठलाग करताना ३६८ पर्यंत गेलो होतो. चौथ्या डावात काय होऊ शकतं हे वाडकरला सगळ्यांत चांगलं माहीत आहे. तो आपल्या तिन्ही विजयांत टीममध्ये होता. उगाच दार उघडं ठेवून 'बघू कोण येते' असं कोण करेल? एकदम बरोबर केलं.

आता हर्ष दुबे. तेव्हा वय २२. ह्या मोसमात ६९ विकेट. रणजीच्या इतिहासात एका मोसमात इतक्या कोणीच घेतलेल्या नाहीत. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८. त्याच्याही आधी कित्येक वर्षं बिशनसिंग बेदींच्या ६४ होत्या. शिवाय हर्षने बॅटने ४७६ धावा केल्या. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आणि हा भाग रेकॉर्ड करताना त्याच्याकडे आयपीएलचा करार नव्हता. काहून? मला खरंच कळत नाही. चार ओव्हर टाकणाऱ्याला कोटी मिळतात, दिवसाला तीस-तीस ओव्हर टाकणाऱ्याचं नाव लोकांना गूगल करावं लागते.

मी सध्या घरूनच काम करतो, म्हणजे सानगडीतून. इथून साकोली, लाखनी, भंडारा करत नागपूर गाठायचं आणि मग वर्धा रोडने जामठा. सकाळच्या सेशनला पोचायचं तर अंधारात निघावं लागते. आमच्याकडे धान कापून झालं की रिकाम्या बांधीत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. एका बाजूला धुरा, दुसऱ्या बाजूला तणसाचा ढीग. धुऱ्याच्या पार गेला की सिक्स. दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत तर एकीकडे दंडार आणि दुसरीकडे टूर्नामेंट.

शेजारचा एक पोरगा आहे, चौदा वर्षांचा, डाव्या हाताने स्पिन टाकतो. फायनलचे पाचही दिवस तो माझ्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. संपल्यावर विचारतो, "दादा, हर्ष दुबेसारखं व्हायचं तर कुठं जावं लागते?" मी म्हटलं, नागपूर. तो म्हणाला, "मग राहायचं कुठं?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याने आजवर लेदर बॉल हातात धरलेला नाही. टर्फ विकेट मोबाइलवर पाहिली आहे. वर्ध्याचा नळकांडे टीममध्ये आहे, अकोल्याचा अथर्व तायडे आहे. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. आपण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीवाले झाडीपट्टीतले लोक मात्र अजून टाळ्या वाजवण्यातच आहोत. मुंबईने विदर्भाकडे पाहिलं नाही म्हणून आपण साठ वर्षं बोंब मारली. मग नागपूरने साकोलीकडे पाहायला किती वर्षं लागू द्यायची? करंडक आलाय, नाव झालंय, आता तालुक्याला एक मॅटिंग विकेट आणि आठवड्याला दोन दिवस येणारा एक कोच एवढं मागणं फार नाही. आणि आम्ही नोकरीवाले, जे दर महिन्याला तीन-तीन ॲपची सबस्क्रिप्शन भरतो, आम्ही दहा जणांनी मिळून एक नेट आणि डझनभर लेदर बॉल तर आणू शकतो. आमच्या ग्रुपवर बोलणं सुरू केलंय. चार जण तयार आहेत, दोन जण 'बघतो' म्हणाले, बाकीच्यांनी अंगठा दाखवलाय. तो होकाराचा की नुसता वाचल्याचा, ते येत्या रविवारी कळेल.

रणजीचा विजेता म्हणून विदर्भ पुढे इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध खेळला. तुमच्या गावातून, तालुक्यातून कोणी विदर्भाच्या कुठल्याही वयोगटात खेळलं असेल तर कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यांना बोलवू.

चला, लाइट जायच्या आत अपलोड करतो. येतो.