ट्रॉलीत किती मावते?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस काट्यावर चढला की आपण डोळ्यांत तेल घालून काटा पाहतो. पण गाळ, मुरूम, शेणखत घेताना? ट्रॉली भरलेली दिसली की पैसे मोजून मोकळे!

मागच्या उन्हाळ्यात आम्हीही तेच केले. तलावातला गाळ हलक्या रानात टाकला. भाव ठरला ब्रासवर, आणि एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास धरली. १० खेपा झाल्यावर टेप लावला, तेव्हा कळले. पैसे १० ब्रासचे गेले, गाळ आला ९ ब्रास.

हिशेब अवघड नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची म्हणजे घनफळ. सगळे फुटात मोजले तर उत्तर घनफुटात येते. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. १० फूट लांब, ६ फूट रुंद ट्रॉलीत एक ब्रास मावायला उंची १ फूट ८ इंच लागते. आमची ट्रॉली निघाली दीड फुटाची. १० गुणिले ६, साठ. साठ गुणिले दीड, नव्वद. दोन इंच दिसायला थोडे, पण दर खेपेला १० घनफूट बुडाले.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. माप आतून घ्या, पत्र्याची जाडी आपण विकत घेत नाही. इंचाचे फूट करताना १२ने भागा. १ फूट ९ इंच म्हणजे १.९ नव्हे, १.७५ फूट. आणि माप खड्ड्याचे धरायचे की ट्रॉलीचे, हे सौद्याआधीच ठरवा. खोदलेली माती मोकळी होऊन फुगते. खड्ड्यातले १०० घनफूट ट्रॉलीत जास्त भरतात.

रानालाही हेच गणित. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ३ इंच, म्हणजे पाव फूट थर द्यायचा तर १०,८९० घनफूट, जवळजवळ १०९ ब्रास गाळ लागतो. हा आकडा आधी काढा, खिशाकडे पाहा, मग ठरवा एक एकर की अर्धा.

कापसाचा, ज्वारीचा भाव आपल्या हाती नाही. टेप तर आपल्या हाती आहे ना? शाळेत जाणाऱ्या पोरीला दुसरे टोक धरायला सांगा. पुढची ट्रॉली मोजल्याशिवाय रिकामी होऊ देऊ नका.